वर्नेटाच्या बावीस पायऱ्या

वर्नेटा हॉलिसनं पहिलं हाड मोडून घेतलं ते फुकटात. लॉस एंजेलिसच्या वॉट्स या काळ्यांच्या वस्तीतल्या बागेत, रविवारी चर्च सुटल्यावर, ती मुतारीच्या छपरावरून मागच्या मागे पडली आणि खाली रचलेल्या गाद्यांतली सगळ्यात वरची गादी ऐनवेळी सरकली. मनगट गेलं. त्या गाद्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून ज्यानं पळवून आणल्या होत्या तो क्लिओफस बॅटल, वय वर्षं बावन्न, तिच्या डोक्याशी येऊन उभा राहिला.

"मनगट जाऊ दे," तो म्हणाला. "पडताना हनुवटी छातीला लावलीस ना? मग मान वाचली. पुढच्या रविवारी ये."

"आणि मनगट?"

"ते पण घेऊन ये."

तेव्हा ती एकवीस वर्षांची होती आणि शहरातल्या एका लाँड्रीत हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करत होती. तिची आई लुएला लुइझियानाहून पोरीला घेऊन बसनं इकडे आली होती, चार घरची धुणीभांडी करून तिनं हिला वाढवलं होतं. मनगटाचं प्लास्टर बघून ती एवढंच म्हणाली, की देवानं उभं राहायला पाय दिले आणि माझी लेक पडायला शिकतेय.

क्लिओफस सिनेमात मरायचा. तीस वर्षांत शे-दीडशे वेळा मेला होता, बहुतेकदा हातात भाला धरून आणि कमरेला गवत गुंडाळून. घोड्यावरून पडणं, अंगाला आग लावून धावणं, दारूच्या गुत्त्यातली मारामारी, सगळं त्याला यायचं. पण नाव घेण्यासारखं काम त्याला कुणी दिलं नाही, कारण तशी पद्धतच नव्हती. पडद्यावरचा नट काळा असला तरी त्याचा डुप्लिकेट गोराच असायचा, आणि त्याच्या तोंडाला, मानेला, हातांना तपकिरी रंग फासला जायचा. नटी असली तर एखाद्या पुरुषाला केसांचा टोप चढवायचे. आणि नटी काळी असली तर टोपही आणि रंगही. बाईच्या जागी पुरुष उभा करायला एवढी यातायात करायचे, पण बारा मैलांवर बागेत दर रविवारी आपटून घेणारी बाई या शहाण्यांना कधी सापडली नाही. याला धंद्यात कुणी लबाडी म्हणत नसे. 'रंगवणं' म्हणत, आणि सकाळी खुर्चीत बसून रंगवून घेत.

बागेत क्लिओफस पडायला शिकवायचाच, पण आणखीही एक गोष्ट शिकवायचा. त्यांच्यातला रॉस्को एका चित्रीकरणात घोडागाडीच्या चाकाखाली आला होता. प्रथमोपचारवाला धावत आला, त्यानं रॉस्कोच्या तोंडाकडे बघितलं, "रंग ठीक आहे" म्हणाला आणि त्याला सावलीत बसवून ठेवलं. आत पोटात रक्त साचत होतं. गोरा असता तर पांढराफटक पडलेला आंधळ्यालाही दिसला असता. रॉस्को संध्याकाळी गेला. तेव्हापासून क्लिओफस दर रविवारी प्रत्येकाकडून करून घ्यायचा: शेजारच्याचा खालचा ओठ ओढ, आतली बाजू बघ. पापणी उलटी कर. नख दाबून सोड. "आपलं तोंड त्यांना वाचता येत नाही," तो म्हणे. "आपलं आपणच वाचायचं."

पुढची अकरा वर्षं वर्नेटानं गर्दीतली कामं केली. तिला तलावात ढकललं गेलं, धावत्या गाडीच्या दारातून फेकलं गेलं, तिच्या पाठीत खुर्च्या मोडल्या. दोन बरगड्या, एक घोटा आणि उजव्या कानाचं थोडं ऐकू येणं एवढं त्यात गेलं. एका नटीच्या जागी, कॅमेऱ्यासमोर, नावाजलेला असा स्टंट मात्र एकही नाही. वयाची बत्तीस वर्षं झाली तरी तिला हवं होतं ते एकच होतं. आपलं एक पडणं लोकांनी बघावं, आणि ते आपलं आहे हे त्यांना कळावं. यापेक्षा मोठी हाव तिला नव्हती.

१९७३च्या ऑक्टोबरात फोन आला. काळ्या नायिकांचे मारधाडीचे सिनेमे तेव्हा धो-धो चालत होते. या सिनेमातली नायिका पोलिसात असते, बंदरावरच्या गोदामाच्या जिन्यावर तिला गोळी लागते आणि ती लोखंडी पायऱ्यांवरून गडगडत खाली येते. बावीस पायऱ्या. माझी डुप्लिकेट माझ्या रंगाची बाईच पाहिजे, असं खुद्द नायिकेनं सांगितलं होतं. शिवाय फेल्डकॅम्प नावाचा एक गृहस्थ त्याच दिवशी पडद्यामागचं चित्रण करायला येणार होता. स्टंट करणाऱ्यांवर तासाभराचा माहितीपट, घराघरांतल्या टीव्हीवर दिसणारा. वर्नेटानं हे अख्ख्या बागेला सांगितलं. तीन दिवस ती आईच्या घरासमोरच्या जिन्यावर इतक्या वेळा पडली की शेजारीण पोलिसांना बोलवायला निघाली होती.

ठरल्या दिवशी ती सकाळी सातला बंदरावर पोहोचली, तर मेकअपच्या खुर्चीत डेनी रस्क बसलेला. त्याचा एक गाल गोरा आणि एक तपकिरी झाला होता.

डेनीला ती सहा वर्षं ओळखत होती. ओक्लाहोमाचा, घोड्यांच्या जत्रेतून आलेला, कामाला एकदम चोख. वाईट माणूस नव्हता, आणि वर्नेटाला हेच जास्त झोंबायचं. वाईट माणसाचा निदान सरळ राग तरी करता येतो.

ती तडक स्टंट मास्टरकडे गेली. वेड किम्ब्रो पायऱ्यांखाली सिगारेट ओढत उभा होता.

"मिस्टर किम्ब्रो, पायऱ्या मी करायच्या होत्या."

"तू वर दारातून धावत येतेस, तेवढं कर. गोळी लागल्यानंतरचं डेनी करेल. लोखंड आहे पोरी. बाईमाणसाला काही झालं तर लोक माझी चामडी सोलतील."

"आणि डेनीला झालं तर?"

"त्याला सवय आहे."

"मलाही आहे. तुमच्या नायिकाबाईंनीच माझ्यासाठी सांगितलं होतं ना?"

"बाईंना आज सुट्टी आहे," किम्ब्रो म्हणाला आणि सिगारेट बुटाखाली चिरडली.

परत येताना डेनीनं आरशातून तिच्याकडे बघितलं. "मी मागितलं नव्हतं, वर्नेटा."

"नको म्हणालास?"

रंगवणाऱ्याला पापण्या रंगवायच्या होत्या, त्यामुळे डेनीनं डोळे मिटले. वर्नेटाला त्या क्षणी ती खुर्ची त्याच्यासकट बंदरात ढकलून द्यावीशी वाटली. ती दारातून धावत येण्याचं काम करून मोकळी झाली आणि एका पेटीवर बसून राहिली. घरी जायला तिचा पाय निघत नव्हता.

अकरा वाजता डेनी पडला. कोपर, गुडघे, कंबर सगळीकडे कपड्यांखाली जाड पट्ट्या बांधलेल्या होत्या. पहिल्या दहा पायऱ्या त्यानं झकास केल्या. अकराव्या पायरीवर त्याची टाच कडेत अडकली, अंग वेडंवाकडं फिरलं आणि डावी कूस कठड्याच्या खांबावर आदळली. गोणी ट्रकमधून टाकावी तसा आवाज झाला. उरलेल्या पायऱ्या तो नुसता घसरत खाली आला. टोप उडून बाजूला पडला.

या धंद्यात पडलेल्या माणसाला कुणी आपणहून हात लावत नाही. 'कट' झालं की तो एक हात वर करतो, म्हणजे ठीक आहे. नाही केला तरच धावायचं. डेनीनं हात वर केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तो उठला, कारण उठायचंच असतं. खूप लागलंय असं म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी फोन येत नाही. पेटीवर बसून तो फेल्डकॅम्पच्या कॅमेऱ्याकडे बघून हसलासुद्धा.

"लागलं का?" फेल्डकॅम्पनं विचारलं.

"मला काय विचारता? लोखंडाला विचारा."

प्रथमोपचारवाला आला. त्यानं डेनीच्या तोंडाकडे नीट बघितलं, बोटं किती विचारली, आणि किम्ब्रोकडे वळून म्हणाला, "रंग ठीक आहे."

वर्नेटानं ते शब्द ऐकले आणि डेनीकडे निरखून बघितलं. डेनी जांभई देत होता. एक झाली, लगेच दुसरी, मग तिसरी. पाणी मागत होता. तपकिरी रंगातून घामाचे थेंब फुटून वर येत होते. ती उठली, गर्दीतून वाट काढत पुढे गेली आणि एक अक्षर न बोलता तिनं त्याचा खालचा ओठ धरून खाली ओढला. रंग ओठाच्या कडेपर्यंतच होता. आतली बाजू चुन्यासारखी पांढरी पडली होती.

"ए, काय करतेस?" प्रथमोपचारवाला ओरडला.

तिनं मेकअपच्या टेबलावरून क्रीमचा डबा उचलला, पंजा भरून डेनीच्या गालाला चोपडलं आणि फडक्यानं खसकन पुसलं. खाली निघालेलं कातडं जिवंत माणसाचं वाटत नव्हतं. राखाडी, मेणचट.

"रंग कशाला पुसतेस?" किम्ब्रो धावत आला. "अजून जवळून घ्यायचा शॉट बाकी आहे."

"हा आतून फुटलाय. गाडी बोलवा."

"तू डॉक्टर आहेस?"

"मी रॉस्कोला ओळखत होते," वर्नेटा म्हणाली. रॉस्को कोण हे तिथं कुणाला ठाऊक नव्हतं, पण तेवढ्यात डेनीचे डोळे फिरले आणि तो पेटीवरून तिच्या अंगावर कोसळला. दातखीळ बसत होती. तिनं त्याच्या तोंडात दोन बोटं घालून जीभ धरून ठेवली. तो तिची बोटं करकचून चावला, रक्त निघालं, तरी रुग्णवाहिका येईपर्यंत तिनं हात काढला नाही. डेनीची प्लीहा फाटली होती. अर्धा तास उशीर झाला असता तर संपला असता, असं डॉक्टर नंतर म्हणाले. काळ्या माणसाचं तोंड उसनं घेतलं की त्या तोंडाचा धोकाही सोबत येतो. डेनीला तो त्या दिवशी फुकटात मिळाला.

रुग्णवाहिका गेली आणि किम्ब्रोनं आधी आकाशाकडे बघितलं, मग घड्याळाकडे. गोदाम त्या एका दिवसापुरतंच मिळालं होतं आणि डेनीचं पडणं पडद्यावर चालण्यासारखं नव्हतं. टोपच उडाला होता.

"पोरी," तो म्हणाला, "करतेस का?"

वर्नेटानं बोटांना फडकं बांधत फेल्डकॅम्पकडे मान केली. "त्यांचा कॅमेरा माझ्यावर राहील. आधी माझं तोंड, मग पडणं, मग परत तोंड. मी माझं नाव सांगणार. हे कबूल असेल तर करते."

"कबूल," फेल्डकॅम्प म्हणाला. त्यानं तिच्या चांगल्या हाताशी हातही मिळवला.

डेनीचे कपडे रुग्णवाहिकेवाल्यांनी कात्रीनं कापून टाकले होते. उरला होता तो खुद्द नायिकेचा पोशाख, अंगाला घट्ट बसणारं चामडं, ज्याच्याखाली पट्टी सोडाच, कागदसुद्धा मावला नसता. वर्नेटानं तसाच चढवला. वर गेली. अकराव्या पायरीशी कठड्याला डेनीचा तपकिरी रंग लागला होता.

गोळीचा आवाज झाला आणि तिनं स्वतःला सोडून दिलं. तिसरी पायरी खांद्यात घुसली. सातवी पाठीच्या कण्याला लागली आणि तिच्या पायांतली ताकद विजेचा दिवा जावा तशी गेली, पुन्हा आली. हनुवटी छातीला. अकरावी तिनं पाय झाडून ओलांडली. चौदाव्या पायरीची कड तोंडावर बसली, तोंडात खडे आल्यासारखं झालं, ते तिचेच दात होते. ओठ फाटला, रक्त डोळ्यात गेलं, पायऱ्या दिसेनाशा झाल्या. हनुवटी छातीला. एकोणिसावीला गळ्याजवळचं हाड मोडलेलं तिला स्वतःला ऐकू आलं, डाव्या, चांगल्या कानानं. तिला अजून तीन राहिल्यात एवढंच आठवत होतं. त्याही तिनं केल्या.

'कट' झालं. डावा हात उचलेना, तेव्हा तिनं उजवा वर केला.

फेल्डकॅम्पचा कॅमेरा जवळ आला. ती लोखंडाला पाठ टेकून बसली, तोंडातलं रक्त बाजूला थुंकली, दोन दात हातात धरले आणि सावकाश, एकेक शब्द सोडत बोलली. "माझं नाव वर्नेटा हॉलिस. या पायऱ्या मी केल्या. बावीसच्या बावीस."

इतकी वेदना तिला आयुष्यात कधी झाली नव्हती, आणि इतका आनंदही.

माहितीपट एप्रिलमध्ये लागला, गुरुवारी संध्याकाळी सातला. लुएलाच्या पुढच्या खोलीत वीसएक माणसं दाटीवाटीनं बसली होती. तळलेले मासे, मक्याचा पाव, रताळ्याचा गोड पाई. लुएलानं लेकीचा एकही सिनेमा आजवर बघितला नव्हता, तिला बघवत नसे. आज ती टीव्हीच्या सगळ्यात जवळ, चर्चची टोपी घालून बसली होती. गळ्याजवळचं हाड वाकडं जुळल्यामुळे वर्नेटाचा डावा खांदा आता जरा खाली उतरलेला दिसायचा. ती दाराशी उभी राहिली.

चाळीस मिनिटं गोरे मर्द गाड्या उलट्या करत होते, जळत होते, घोड्यांखाली जात होते. सोफ्यावरून कुणीतरी म्हणालं, "क्लिओफस काका, तुमचा भाला कुठाय?" आणि सगळे हसले. मग पायऱ्या आल्या.

पण आधी आला डेनी. इस्पितळातल्या पलंगावर, दाढी केलेला, धुतलेल्या गोऱ्या तोंडाचा. पडताना काय वाटतं, असं त्याला विचारलं होतं. तो सांगत होता, की पहिल्या पायरीला भीती वाटते, नंतर काही वाटायला वेळच मिळत नाही. त्याच्या आवाजावर चित्र बदललं आणि चामड्याच्या पोशाखातली बाई वरून कोसळायला लागली.

"हनुवटी," क्लिओफस ताडकन उठून म्हणाला. "हनुवटी बघा रे. हे आपलं पडणं आहे."

खोलीतल्या प्रत्येकानं ते ओळखलं. निवेदक म्हणत होता, की या जीवघेण्या पायऱ्यांनी डेनी रस्कला मरणाच्या दारात नेलं, पण तो परत आला. बाई खाली पोहोचली, तिनं उजवा हात वर केला. सगळे तिच्या तोंडाची वाट बघत होते. पुढचं चित्र आलं ते पुलावरून उडी मारणाऱ्या मोटरसायकलचं.

लुएला पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "तुझं तोंड कधी येणार गं?"

"झालं, आई," वर्नेटा म्हणाली.

लुएला तरी शेवटपर्यंत तशीच बसून राहिली. नावं संपली, साबणाची जाहिरात लागली, तेव्हा कुठे तिनं टोपी काढली. माशांना कुणी हात लावला नाही.

शनिवारी दुपारी डेनी आला. पोटावरचा शस्त्रक्रियेचा वण सांभाळत, थोडा वाकून चालत होता. लुएलानं दार उघडलं, त्याला स्वयंपाकघरात नेऊन बसवलं आणि स्वतः शेगडीकडे तोंड करून उभी राहिली. वर्नेटा बसली नाही.

"तुझे आभार मानायचे होते," डेनी म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलं मला, तू काय केलंस ते."

"गुरुवारचं बघितलंस?"

"बघितलं."

"कुणाचं पडणं होतं ते?"

त्यानं टेबलावर हात ठेवले. "तुझं."

"तुला आधी ठाऊक होतं?"

"फेल्डकॅम्प इस्पितळात आला होता. म्हणाला, तुझं नीट आलेलं नाही, दुसरं लावतो, चालेल ना. म्हणाला, तेवढ्यात कुणाला ओळखू येणार नाही."

"मग तू काय म्हणालास?"

"चालेल म्हणालो. सहा महिने झाले मला काम नाही, वर्नेटा. दोन मुलं आहेत. लोकांनी ते माझं समजून बघितलं तर..."

सिनेमात ठोसा कधी लागत नाही. मूठ नाकापासून वीतभर अंतरावरून जाते आणि खाणारा डोकं झटकतो, एवढीच ती कला असते. वर्नेटानं अकरा वर्षं तशाच मुठी मारल्या होत्या. ही मूठ वीतभर लांबून गेली नाही. डेनीला ती येताना दिसली, त्याच्यासारख्या माणसाला चुकवणं सोपं होतं, पण त्यानं मान हलवली नाही. नाकाचं हाड कटकन मोडलं. तो खुर्चीसकट मागे गेला आणि लुएलाच्या फरशीवर पडला.

लुएला वळली नाही. तिनं फक्त शेगडी बारीक केली.

डेनी उठून परत बसला. रक्त हनुवटीवरून सदऱ्यावर गळत होतं. "आणखी एक मार," तो म्हणाला. "मारायचं असेल तर."

"माझ्या हाताला वेगळी कामं आहेत." वर्नेटानं त्याच्यासमोर कागद आणि पेन आपटलं. "टीव्हीवाल्यांना लिही. तुझ्या हातानं."

नाकाला फडकं लावून तो लिहायला लागला. जत्रेतल्या माणसाचं अक्षर, मोठं आणि वाकडं. तिनं त्याच्या खांद्यावरून वाचलं. गुरुवारी दाखवलेलं पायऱ्यांवरचं पडणं माझं नसून एका काळ्या मुलीचं आहे, असं त्यानं लिहिलं होतं.

"मुलगी? मी बत्तीस वर्षांची बाई आहे. खोड ते. नाव लिही."

त्यानं खोडलं. वर 'वर्नेटा' लिहिलं. मग पेन थांबलं. रक्ताचा एक थेंब कागदावर पडला, तो त्यानं अंगठ्यानं पुसला, आणि मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"वर्नेटा, पुढे काय?" त्यानं विचारलं.

शेगडीपाशी लुएलाचा हात थांबला. वर्नेटाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर या माणसाच्या दातांचे वण होते. तिनं तो हात टेबलावर टेकला, कारण तो पुन्हा उचलला जाईल असं तिला वाटलं, आणि या वेळी तिला थांबवता आलं नसतं.

"हॉलिस," ती म्हणाली. "सहा वर्षं झाली, डेनी. हॉलिस."